समुद्रातले कडुलिंब

समुद्रात कडुलिंबाची झाडं लावावीत, असं मी एकदा सुचवलं होतं. गमतीनं नव्हे. सरकारदरबारी दाखल झालेल्या छापील कागदावर, 'प्रकल्पाच्या सीमेभोवती तीन ओळींत' असं खुलासेवार लिहून. झाडं जगेपर्यंत त्यांना टँकरनं पाणी घालण्याची हमीही त्यात होती. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर होतं आणि समुद्र मी पाहिलेला होता, त्यामुळे अज्ञानाची सबब मला देता येत नाही.

चूक एवढीच असती तर मी ती आजवर चारचौघांत हसतहसत सांगितली असती. पण त्या कागदाखाली सही माझी नव्हती. सरांची होती.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, वह्यापुस्तकांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही पर्यावरणाचे अहवाल लिहायचो. शहर चारी बाजूंनी पसरत होतं, त्याला खडी लागत होती, खडीला क्रशर लागत होते आणि प्रत्येक क्रशरला एक अहवाल लागत होता. तो मी लिहायचो. खरं सांगायचं तर एकच अहवाल मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. गावाचं नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा. 'प्रकल्पक्षेत्रात वस्ती नाही, सबब आवाजाचा उपद्रव संभवत नाही' हे वाक्य आणि कडुलिंबाच्या तीन ओळी मात्र कायम असायच्या. कागदावर मी जितके कडुलिंब लावले तितके खरोखर लागले असते, तर आमच्याकडच्या उन्हाळ्याची इतकी भीती कुणाला वाटली नसती.

अशा ऑफिसात समुद्राचं काम आलं ते आमच्या साहेबांमुळे. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. कोकणच्या किनाऱ्यापासून आत, भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या, प्रयोग म्हणून आधी दोनचार, असा एक प्रस्ताव होता. मुंबईच्या एका मोठ्या सल्लागार कंपनीकडे ते काम होतं. त्यातला 'सागरी जीवांवर होणारे परिणाम' हा भाग त्यांनी आमच्या साहेबांकडे सरकवला.

"समुद्र म्हणजे काय," साहेब मला म्हणाले, "पाण्यानं भरलेली मोठी खदानच की."

पण अहवालाला समुद्रजीवांचा तज्ज्ञ लागतो आणि आमच्या शहरापासून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे. साहेबांना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर आठवले. ते निवृत्त होऊन घरीच होते. साहेबांनी निरोप धाडला आणि एका सकाळी सर आले.

आले, म्हणजे आधी दारावर आले. मी साहेबांच्या केबिनमध्ये बसलो होतो. दारावर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. उंदीर असेल असं वाटलं. मग नखाचा टकटक आवाज आला. साहेब म्हणाले, "या." कुणी आलं नाही. मग बोटाच्या पेरानं ठोकल्याचा आवाज. "या ना." तरी कुणी नाही. मग दोन पेरं, मग तळहात, आणि शेवटी मुठीनं असा दणका बसला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मग दार उघडलं. दारात एक ठेंगणे, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते.

"सर, मी पहिल्यांदाच या म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

"ऐकलं मी," सर म्हणाले. "पण पायऱ्या मोडायच्या नसतात. आतल्याला सावरायला वेळ द्यावा. आधी आहिस्ता, मग जोर."

ही त्यांची खोड नव्हती, आचारसंहिता होती. स्वतःच्या घरी, दुकानात, एकदा तर ऑफिसच्या संडासाच्या दारावरही त्यांनी याच क्रमानं ठोकलं. आत मी होतो. "आहे, आहे," म्हणून मी ओरडत होतो आणि ते शांतपणे मुठीपर्यंत पोचले.

आहिस्ताचं मूळ त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. समुद्रात पवनचक्की उभी करायची तर तळात लोखंडाचा अजस्र खांब ठोकावा लागतो. ठोकायचा घणही तसाच. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं पळतो आणि लांबवर जातो. समुद्रातले प्राणी डोळ्यांपेक्षा कानांवर जगतात. डॉल्फिन आवाजानं शिकार शोधतो, आवाजानं वाट काढतो, आई पिलाला आवाजानं हाक मारते. तिथं एकदम पहिलाच घाव पूर्ण ताकदीनं घातला तर जवळच्या प्राण्याचे कान कायमचे जातात. म्हणून सुरुवात हलक्या ठोक्यांनी करायची, हळूहळू वाढवायची, म्हणजे मंडळींना दूर जायला वेळ मिळतो.

"कान गेलेला डॉल्फिन म्हणजे काय रे, खडीवाले?" त्यांनी मला विचारलं. मला ते पहिल्या दिवसापासून खडीवाले म्हणत. कामून, तर मी खडीचे अहवाल लिहितो म्हणून.

"बहिरा डॉल्फिन," मी म्हणालो.

"आंधळा," सर म्हणाले. "आन उपाशी."

आता वाटेल की सर पवनचक्क्यांच्या विरोधात होते. अजिबात नाही. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवून गेला होता. नळाला पाणी आठवड्यानं येई, तेही येईलच असं नव्हतं. सर खिडकीतून रणरणत्या रस्त्याकडे बोट दाखवत. "हे बघ. कोळसा जाळून जाळून आपण हे केलंय. वाऱ्यावर वीज झालीच पाहिजे, समुद्रात वारा लई हाय. माझं म्हणणं एवढंच, दुसऱ्याच्या घरात जायचं तर दार ठोकून जावं."

उलट, खांबांचं त्यांना कौतुकच होतं. खांब उभा राहिला की त्याला शिंपले चिकटतात, शिंपल्यांमागं खेकडे, खेकड्यांमागं मासे, आणि बोटींना तिथं जाळी टाकायला मनाई असली तर तिथं माशांची वसाहतच वसते. सर तिला सिडको म्हणत. नकाशावरच्या चार खांबांना त्यांनी एन-वन, एन-टू, एन-थ्री, एन-फोर अशी आमच्याकडच्या वसाहतींची नावं दिली होती. "एन-टूमध्ये गर्दी जास्त होईल," असं ते गंभीरपणे सांगत, "तिथं खडक जवळ हाय." पक्ष्यांची काळजी वेगळी, पात्यांना धडकण्याची, समुद्रतळावरून किनाऱ्याकडे येणाऱ्या विजेच्या तारेची वेगळी, कारण पाकटासारख्या माशांना विजेचा अगदी बारीक वास येतो. 'वास' हा सरांचा शब्द. "शेजारच्या घरात फोडणी दिली तर तुला कळतंय ना? तसं."

मासे मात्र ते खात नसत.

"ज्याची बाजू मांडायची त्याला ताटात घेऊ नये," ते म्हणत.

"पण सर, परवा तुम्ही मटण खाल्लंत," एकदा साहेबांनी पकडलं.

"बोकडाची केस माझ्याकडं नाय," सर म्हणाले.

समुद्राशी त्यांचं नातं जडलं ते विद्यार्थीदशेत, सहलीला गेले असताना. एका कोळ्यानं त्यांना नावेत घेतलं, वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांडा कानाला लावायला सांगितला. आतून बेडकांनी गलका करावा तसा आवाज आला. ढोमा माशांची झुंड खालून चालली होती. "मी तव्हा पहिल्यांदा समुद्र बघितला," सर सांगत, आणि मग स्वतःलाच दुरुस्त करत, "बघितला नाय, ऐकला." त्यानंतर ते इथं आले, नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत समुद्र शिकवत राहिले. ज्यांना शिकवला त्यांतल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता. बरण्यांतले, औषधात बुडवलेले पांढरेफटक मासे दाखवून ते समुद्राच्या आवाजाबद्दल बोलायचे आणि मागच्या बाकावर पोरं घोरायची. सरांना समुद्राबद्दल कुणी काही विचारण्याची वेळ आयुष्यात एकदाच आली. ती आमच्या ऑफिसनं आणली होती.

म्हणून ते असे पेटले होते. एक दिवस त्यांनी ऑफिसच्या मोरीतला निळा ड्रम बाहेर काढायला लावला. तो आदल्या दिवशीच टँकरनं भरलेला होता. सलाईनच्या नळीला सुईनं भोकं पाडून, तिची गुंडाळी करून त्यांनी ती ड्रमात सोडली आणि माशांच्या पेटीला असतो तसला छोटा पंप तिला जोडला.

"बुडबुड्यांचा पडदा," ते म्हणाले. "खांबाभोवती समुद्रतळावर अशी नळी टाकतात अन् हवा सोडतात. बुडबुड्यांत आवाज अडकतो. या साहेब, डोकं घाला."

"मी?"

"अहवालावर नाव कुणाचं हाय?"

साहेबांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला आणि एक कान पाण्यात बुडवून ड्रमावर वाकले. सरांनी पाण्यात एक लोखंडी सळई धरली आणि तिच्यावर हातोडीचा एक घाव घातला. आहिस्ता नाही. मुद्दाम. साहेब अर्धा ड्रम अंगावर घेऊन उभे राहिले.

"हे झालं पडद्याविना," सर म्हणाले. "आता पडद्यासकट."

"सर, वापरायचं पाणी हाय ते," ऑफिसची झाडलोट करणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या. "आठ दिवस पुरवायचंय मला. साहेबाच्या डोक्याचं तेल तरंगायलंय त्याच्यात."

"मावशी, विज्ञानाला थोडं तेल लागतंच."

"मग विज्ञानानंच घासावीत भांडी."

दुसऱ्या वेळी पंप चालू होता. साहेब म्हणाले, पुष्कळ फरक आहे. नंतर मीही कान बुडवला. मला विचाराल तर फारसा नव्हता. ड्रम लहान पडला, हे सरांनी संध्याकाळी मान्य केलं. मग ते हर्सूलच्या तलावाकडे गेले, तर तिथं पाणीच नव्हतं. भेगाळलेल्या गाळावर पोरं क्रिकेट खेळत होती. दुसरा कुणी हळहळला असता. सर हरखले. म्हणाले, समुद्राचा तळ दाखवायला याहून चांगली जागा नाही. पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिथं होतो. सरांनी पांढऱ्या फक्कीनं खांब आखले, तार आखली आणि आम्हाला डॉल्फिन केलं. ते मध्ये उभे राहून थाळी वाजवत. आवाज वाढेल तसं आम्ही लांब जायचं. साहेब सर्वांत आधी पळाले. क्रिकेटची पोरं पोट धरून हसत होती.

त्याच उन्हाळ्यात सरांच्या गल्लीत बोअरची गाडी आली. पाण्यासाठी शहरभर जमिनीला भोकं पडत होती. ती गाडी सलग धडधडत राहिली आणि गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं वैतागून नातेवाइकांकडे गेली. सर खूश. परत आलेल्या प्रत्येकाला गाठून त्यांनी विचारलं, कुठं गेला होता, झोप लागली का, जेवण कसं होतं.

"मामाकडं गेलतो, सर. मामीनं तिसऱ्या दिवशीच तोंड वाकडं केलं."

"लिहून घे, खडीवाले," सर मला म्हणाले. "प्राणी आवाजानं दूर जातात, काम थांबल्यावर बरेचसे परत येतात, हे खरं हाय. पण मधल्या काळात जिथं जातात तिथली मामी जेवायला घालते का, हे कुणी विचारत नाय."

मी लिहून घेतलं नाही. मला हसू येत होतं.

सरांनी आपलं प्रकरण हातानं लिहिलं, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर. टाइप होऊन आलं तेव्हा ते उशीइतकं जाड होतं, आणि इंग्रजीत. नियम असा की, जनसुनावणीच्या आधी अहवालाचा मराठीत सारांश गावात वाटावा लागतो. तो करायचं काम माझं. सर मला दोनदा म्हणाले, "मूळ प्रकरण कुणी वाचणार नाय. कोळी सारांश वाचतील. त्यात आहिस्ता आलं पाहिजे, बुडबुडे आले पाहिजेत, अन् विणीच्या महिन्यांत ठोकायचं नाय, हे आलं पाहिजे. बाकी सोड."

मी ते प्रकरण वाचलं नाही. पानं चाळली. त्या आठवड्यात माझ्याकडे आणखी दोन क्रशर होते. एका दुपारी मी जुना सारांश उघडला, गावाचं नाव बदललं, 'खदान' होतं तिथं 'समुद्र' केलं, 'खडी' होतं तिथं 'वीज' केलं आणि छपाईला दिला. 'प्रकल्पक्षेत्रात वस्ती नाही' तसंच राहिलं. कडुलिंबही राहिले.

सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवी पट्टी लावून ते घरी पडून होते. सहीसाठी मी कागद घेऊन गेलो. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचा हात धरून पेन जागेवर टेकवलं.

"आहिस्ता घेतलंस ना?" सरांनी विचारलं.

"घेतलं, सर."

त्यांनी सही केली.

जनसुनावणी किनाऱ्यावरच्या एका गावात, शाळेच्या सभागृहात होती. पुढं टेबलामागं अधिकारी, शेजारी सर नव्या कोऱ्या चष्म्यात, त्यांच्या मागं लॅपटॉप घेऊन मी. सरांनी त्या दिवसासाठी कोट शिवला होता. समोर कोळीवाड्यातली माणसं. पहिल्यांदा उठल्या त्या एक मावशी. हातात आमचा सारांश.

"सायब, एक विचारायचं हाय. ह्ये कडुलिंब नक्की कुठं लावनार?"

अधिकाऱ्यांना वाटलं, त्यांना ऐकू नीट आलं नाही. मावशींनी वाचून दाखवलं. तीन ओळी, सीमेभोवती, आवाज अडवण्यासाठी.

"आमचं जालं अडकंल त्यात," मागून एक जण म्हणाला.

"अरे, सावली होईल ना दुपारची," दुसरा.

"आन टँकर आननार म्हंतात पानी घालायला. खाली पानी कमी हाय का, बाबा?"

सभागृह हसत सुटलं. अधिकारीही हसले. मग एक म्हातारे उठले, ते हसत नव्हते. "हितं वस्ती नाय असं लिवलंय तुमी. समुद्रात कोनी ऱ्हात नाय व्हय?"

सर पुढच्या खुर्चीत होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती एकदा खाली गेली आणि वर आली. त्यांनी सारांश मागून घेतला, चष्मा नीट केला आणि वाचला. पूर्ण वाचला. तोवर हसू थांबलं होतं.

"हे कुणी लिहिलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी लॅपटॉपच्या वायरसाठी प्लग शोधायला टेबलाखाली वाकलो. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

वरून मला सरांचा आवाज आला. "सही माझी आहे. म्हणजे चूक माझी आहे. बाबा म्हणतात ते खरं हाय, समुद्रात लई जण राहतात. मी त्यांच्याचबद्दल बोलायला आलोय. दहा मिनिटं द्या."

पण आता कोण ऐकणार? "आधी झाडं लावून दाखवा, मास्तर," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. सरांनी टेबलावर नखानं टकटक केलं. मग पेरानं. मग दोन पेरांनी. त्यांना वाटत होतं, या क्रमानं सभा शांत होईल. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मुठीपर्यंत पोचायच्या आत अधिकाऱ्यांनी माइक पुढच्या माणसाकडे द्यायला सांगितला. सर बसले. मी टेबलाखालून तेव्हा बाहेर आलो.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी पुढं आणि सर मागं होते. घाट चढून झाल्यावर त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात, "खडीवाले, सारांश कुणी केला होता?"

"ऑफिसातच झाला, सर," मी म्हणालो.

"अच्छा," सर म्हणाले.

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. साहेबांना वाटलं, वयानं थकले. ऑफिसातल्या मावशींना वाटलं, ड्रमावरून त्या बोलल्या ते त्यांनी मनाला लावून घेतलं. त्या बरेच दिवस हळहळत होत्या आणि मी त्यांनाही खरं सांगितलं नाही. तो प्रकल्प पुढं वेगळ्याच कुठल्या कारणानं बारगळला. एकही खांब ठोकला गेला नाही. मग मी स्वतःशी म्हणू लागलो की, नुकसान कुणाचंच झालं नाही. हे मी इतक्या वेळा म्हणालो की, त्यात तथ्य नसावं हे मलाच कळत गेलं. त्यांचं प्रकरण मी नंतर वाचलं, एकदा नव्हे. त्यात गल्लीतली मामी होती. 'विस्थापित प्राण्यास नव्या जागी अन्न मिळेलच असे गृहीत धरू नये' अशा इंग्रजीत ती होती, पण मी तिला लगेच ओळखलं.

दर गुढीपाडव्याला सरांचा मोबाइलवर एक फोटो येई. कडुलिंबाचा डहाळा. शुभेच्छा नाहीत, नाव नाही. पाडव्याला कडुलिंब पाठवण्यात वावगं काही नाही, अशी मी समजूत करून घेई आणि हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा होई. एका वर्षी डहाळा होता, दुसऱ्या वर्षी फांदी, पुढं अख्खं झाड. यंदा तीन झाडं होती. ओळीत.

यंदाच आमच्या इमारतीशेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम निघालं. एका सकाळी, काहीही पूर्वसूचना नसताना, मशीननं जमिनीत पहिला घाव घातला. कपाटातली भांडी वाजली. माझी आई नव्वदीला टेकलेली, ती बिछान्यात उठून बसली आणि तिला मी कोण ते काही क्षण ओळखू येईना. मी तसाच खाली धावलो आणि मशीनवाल्याला म्हणालो, "अरे, आधी आहिस्ता ठोकायचं. आतल्यांना सावरायला वेळ नको द्यायला?"

मशीनवाला माझ्याकडे बघत राहिला. "चाचा, जमीन में कौन रहता है?"

मी त्याच्यावर चिडूही शकलो नाही. ते वाक्य माझंच होतं.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेलो. ते आता हर्सूलच्या पुढं, नव्या वसाहतीतल्या एका छोट्या घरात राहतात. दाराला बेल होती. मी बोट तिच्यापर्यंत नेलं आणि मागं घेतलं. आधी नखानं खरवडलं. मग नखानं टकटक. मग पेरानं. शेजारच्या बाई बाहेर आल्या. "बेल हाय की, भाऊ." मी मान डोलावली आणि दोन पेरांवर गेलो. मग तळहात. मग मी थांबलो, कारण माझी हिंमत संपली होती.

आतून आवाज आला. "मूठ राहिली."

मी मुठीनं ठोकलं. दार उघडलं. सर बारीक झाले होते, मिशा तशाच.

"नखाचंच ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "म्हटलं बघू, पुरं करतो का. ये, खडीवाले."

काकूंनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी पाण्याबद्दल बोललो, नळाला किती दिवसांनी येतं ते. मग टॉवरबद्दल बोललो. काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली. साहेबांना नातू झाल्याचं सांगितलं. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मी हर्सूलच्या तलावात यंदा पाणी किती आहे त्याकडे वळलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"पाहुणा कधीचा तलावाभोवती फिरायलाय," ते काकूंना म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "हे बघ. तीन ओळी कडुलिंब आपल्या ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या हातचे असणार? मला वाचतानाच कळलं होतं. जीपमध्ये मी नखानं ठोकलं. मग दर पाडव्याला पेरानं. मुठीपर्यंत यायची ताकद आता माझ्यात राहिली नाय. बरं झालं, तूच आलास."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"आहिस्ता झालं तुझं," सर म्हणाले. "लई झालं. आता खांब ठोक."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला, उठून उभा राहिलो आणि त्या दिवशी शाळेच्या सभागृहात जेवढ्या मोठ्यानं बोलायला हवं होतं तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "सर, समुद्रात कडुलिंब मी लावले. तुमचं प्रकरण न वाचता लावले आणि आहिस्ता घेतलंय असं खोटं सांगून तुमची सही घेतली. तुम्ही उभे होतात तेव्हा मी टेबलाखाली होतो. जीपमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मला माफ करा."